जुन्या संगणकाला नवे कार्ड : आधी काय, नंतर काय

2016 ते 2018 या काळात मध्यम शहरांतील पुष्कळ घरांत मुलांसाठी संगणक जुळवून घेतला गेला. ओळखीच्या दुकानदाराकडून सुटे भाग आणावेत आणि नात्यातल्या एखाद्या जाणत्या मुलाने ते जोडून द्यावेत, अशी ती रीत होती. हिशेब, टंकलेखन, चित्रपट, ऑनलाइन वर्ग ही कामे हा संगणक आजही निमूटपणे करतो. मात्र घरातल्या तरुणाने त्यावर नवा खेळ सुरू केला की त्याला धाप लागते. पंखा घोंगावू लागतो, चित्र अडखळते, आणि मग एखाद्या रात्री जेवताना विषय निघतो : ग्राफिक्स कार्ड बदलायला हवे.

या मागणीला वडीलधाऱ्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. खेळासाठी एवढा खर्च कशाला, आणि चालू वस्तू बदलायची तरी का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत; परंतु त्यांतून निर्णय निघत नाही, वाद तेवढा निघतो. वस्तुतः हा हिशेबाचा विषय आहे, आणि व्यापारी घरांना हिशेब काही नवा नाही. नवे आहेत ते त्यातले शब्द.

संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे 1,920 आणि उभे 1,080, म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसावा म्हणून ते चित्र एका सेकंदात साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो, आणि एका चित्रासाठी हाताशी वेळ असतो तो जेमतेम 16.7 मिलिसेकंद. हे रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. चेंडू कुठे गेला, प्रतिस्पर्धी कुठे वळला, भिंत कोसळली की नाही, हे ठरवण्याचे काम मात्र मुख्य प्रोसेसरचे. एक मुकादम, दुसरा रंगारी. मुकादमाने काम सांगेपर्यंत रंगाऱ्याला हातावर हात ठेवून बसावे लागते. रंगारी संथ असेल तर दुसरा आणावा हे खरे; पण मुकादमच संथ असेल, तर कितीही निष्णात रंगारी आणला तरी भिंत वेळेवर रंगून होत नाही. कार्ड बदलावे की नाही, हा प्रश्न इथे येऊन ठेपतो. बहुतेक घरांत नेमकी हीच तपासणी न करता पैसे मोजले जातात.

सांगलीतील एका घराचे उदाहरण घेण्याजोगे आहे. घरात अण्णांचे कापडाचे दुकान, अकरावीतला मुलगा, आणि वास्तुशास्त्र शिकायला पुण्यात राहणारी थोरली मुलगी. संगणक 2017 सालचा. प्रोसेसर इंटेलचा आय-5 7400, रॅम 8 जीबी, एसएमपीएस 450 वॅटचा, आणि कार्ड एनव्हिडियाचे जीटीएक्स 1060, सहा जीबीचे. दर रविवारी संध्याकाळी कोल्हापूर आणि पुण्यातली चुलत-आते भावंडे ऑनलाइन फुटबॉल खेळतात, त्यांत हा मुलगा असतो. अलीकडे ऐन सामन्यात त्याचा खेळाडू गोठल्यासारखा थांबू लागला. भावंडे हसतात, मग चिडतात, मग पुढच्या रविवारी संघ निवडताना त्याला शेवटी घेतात. सोळा वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट लहान नसते.

त्याने कार्ड मागितले. अण्णांनी सांगलीच्या सुरातच उत्तर दिले, "चालतंय की रे सगळं! मग बदलायचं कशाला?" आईने बारावी डोळ्यांपुढे धरली. विषय तिथेच मिटला असता. पण दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या ताईने तो पुन्हा काढला. तिने वाद घातला नाही. मोजणी करायला लावली.

आता त्या कार्डाविषयी थोडे, कारण ते साधेसुधे कार्ड नव्हे. जीटीएक्स 1060 जुलै 2016 मध्ये आले, तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत 249 डॉलरपासून सुरू होत होती. अवघ्या 120 वॅट विजेत ते 1080 रेषांच्या पडद्यावरचे त्या काळचे जवळजवळ सगळे खेळ पेलत असे. पुढे कित्येक वर्षे जगभरातल्या खेळाडूंच्या संगणकांत सर्वाधिक आढळणारे कार्ड म्हणून त्याचा लौकिक राहिला. त्याच नावाने तीन जीबीचेही एक कार्ड विकले गेले. त्यात स्मृती तर निम्मी होतीच, पण गणन करणारे घटकही कमी होते, 1,280 ऐवजी 1,152. नाव एक आणि माल दोन, ही खोड या धंद्यात आजही आहे. जुन्या बाजारात 1060 पाहणाऱ्याने हा आकडा आधी विचारावा.

या कार्डाची उतरण दोन बाजूंनी झाली. सप्टेंबर 2018 मध्ये आरटीएक्स मालिका आली आणि तिच्यासोबत प्रकाशकिरणांचा माग काढून छाया-प्रतिबिंबे रेखाटणारी खास यंत्रणा आली. सुरुवातीला ती हौशीची बाब होती. आता काही खेळांनी ती सक्तीची केली आहे. डिसेंबर 2024 मधला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे 2025 मधला 'डूम : द डार्क एजेस' या खेळांसाठी निदान आरटीएक्स 2060 सुपरच्या तोलाचे कार्ड आणि 16 जीबी रॅम सांगितली आहे. 1060 वर ते धिमे चालतील अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही, कारण लागणारी यंत्रणाच त्या कार्डात नाही. दुसरी बाजू ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीची. या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून निघणारे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 पर्यंतच, आणि त्यानंतर ऑक्टोबर 2028 पर्यंत केवळ सुरक्षेच्या सुधारणा, असे एनव्हिडियाने जाहीर केले. कार्ड त्या दिवशी बंद पडणार नाही. पण नवे खेळ बनवणारे यापुढे त्याची फिकीर करणार नाहीत, एवढे निश्चित.

मुलाची बाजू इतकी भक्कम होती. तरीही ताईने पहिल्याच दिवशी एक कागद पुढे ठेवला आणि त्यावर त्याने गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष खेळलेले खेळ लिहायला सांगितले. इच्छा असलेले वेगळे, खेळलेले वेगळे. खेळलेल्यांत फुटबॉल, एक नेमबाजीचा जुना खेळ आणि मोकळ्या शहरात हिंडण्याचा एक जड खेळ, एवढेच निघाले. पहिले दोन 1060 ने हसत पेलावेत असे होते. मग सामन्यात खेळाडू थांबतो तो कशाने?

ही परीक्षा घरच्या घरी, एक पैसा न घालवता करता येते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारा 'आफ्टरबर्नर'सारखा मोफत प्रोग्रॅम बसवावा. त्यात कार्डावरचा भार, प्रोसेसरवरचा भार, तापमान, भरलेली रॅम आणि दर सेकंदाला निघणारी चित्रे एकत्र दिसतात. खेळ नेहमीप्रमाणे 1080 वर अर्धा तास खेळावा आणि आकडे टिपावेत. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा 720 वर आणावा. ठिपके निम्म्याहूनही कमी होतात, म्हणजे रंगाऱ्याचे काम निम्म्याहून हलके होते. आता चित्रांची संख्या लक्षणीय वाढली, तर दोष कार्डाचा होता आणि नवे कार्ड उपयोगी पडेल. संख्या तिथेच राहिली, तर रंगारी आधीपासूनच रिकामा बसलेला होता.

सांगलीच्या घरात जड खेळाने 1080 वर सरासरी 41 चित्रे दिली आणि 720 वर 43. प्रोसेसरचे चारही भाग दोन्ही वेळा शंभर टक्क्यांना टेकलेले. 8 जीबी रॅमपैकी साडेसात जीबीहून अधिक भरलेली. जागा न उरल्याने संगणक चकतीवर उचल-ठेव करत होता, आणि फुटबॉलमधला तो गोठलेला क्षण बहुतांशी तिथून येत होता. कार्डाचे तापमान 84 अंश. हे कार्ड 83 अंशांच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करते. म्हणजे जे कार्ड म्हातारे झाले म्हणून बदलायचे होते, ते निदान काही अंशी उकाड्याने दमलेले होते.

कॅबिनेट उघडल्यावर कारण दिसले. कापडाच्या घरात तंतू उडायचेच, आणि कॅबिनेट नऊ वर्षे टेबलाखाली फरशीवर ठेवलेले. पंख्याच्या पात्यांमागे राखाडी लोकरीसारखा थर बसला होता. अशी सफाई घरी करता येते, पण बेताने. वीज पूर्ण काढावी, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे आणि मगच ब्लोअर मारावा. मोकळा फिरलेला पंखा आपल्याच बेअरिंगचे नुकसान करून घेतो. ओले फडके नको. कार्डाच्या चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे हे काम मात्र ज्याने आधी केले आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे. ताईच्या मित्राने ते केले, कॅबिनेट फरशीवरून उचलून तिपाईवर ठेवले, आणि तापमान 72 वर आले. खर्च झाला तो पेस्टच्या एका लहान नळीचा.

इथे थांबूनही चालले असते. पुष्कळ घरांनी इथेच थांबावे.

पण मुलाला जे खेळ खेळायचे होते ते अजून दूरच होते, आणि ताईलाही सुटीत ब्लेंडरमध्ये इमारतींची चित्रे काढताना हा संगणक तोकडा पडत होता. तेव्हा कार्डाचा विचार पुढे नेणे भाग होते. तो करताना अण्णांनी जी विभागणी केली, ती दुकानाच्या भाषेतली असूनही नेमकी ठरली. त्यांनी मुलाला विचारले, "यातलं स्थावर काय आणि जंगम काय, तेवढं सांग."

संगणकाच्या भागांना हा प्रश्न फार चपखल बसतो. मदरबोर्ड आणि प्रोसेसर हे स्थावर. सातव्या पिढीचा प्रोसेसर त्याच्या काळच्या बोर्डावरच बसतो. त्याला नव्या घरात नेता येत नाही. कार्ड, एसएमपीएस, एसएसडी आणि पडदा हे जंगम. उद्या दुसरा संगणक जुळवला तर ते सोबत जातात. रॅम अधलीमधली आहे. डीडीआर-4 जातीची रॅम डीडीआर-4 च्या बोर्डांतच चालते, डीडीआर-5 च्या खाचेत बसत नाही. जुन्या यंत्रात पैसे घालायचेच असतील तर ते जंगम भागांत घालावेत, स्थावर भागांत नाही. भाड्याच्या घराला संगमरवर लावण्यापूर्वी कोणीही हा विचार करील.

या न्यायाने कार्ड घेणे सयुक्तिकच ठरते, कारण ते जंगम आहे. अडचण निराळी होती. हे घरच पडायला आले होते. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. आय-5 7400 सातव्या पिढीचा, उंबऱ्याबाहेरचा. घरची सुरक्षा वाढीव मुदतीवर किती दिवस चालवायची, त्याला मर्यादा आहे. शिवाय त्या चार भागांच्या प्रोसेसरपुढे कुठलेही नवे कार्ड बसवले, तरी जड खेळात चित्रे 41 च्या आसपासच घुटमळणार. फक्त ती अधिक देखणी असतील.

नव्या कार्डांतही जुन्या बोर्डाला सगळी सारखी मानवत नाहीत, ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगते. कार्ड आणि बोर्ड यांच्यामधल्या रस्त्याला मार्गिका असतात. पूर्ण रस्ता सोळा मार्गिकांचा. परंतु जून 2023 मधले आरटीएक्स 4060 किंवा ऑक्टोबर 2021 मधले एएमडीचे आरएक्स 6600 ही कार्डे आठच मार्गिका वापरतात, आणि जानेवारी 2022 मधले आरएक्स 6500 एक्सटी तर फक्त चार. नव्या बोर्डांवर मार्गिकाच वेगवान असल्याने ते खपून जाते. 2017 च्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्ती असते आणि तिथे चार मार्गिकांचे कार्ड चांगलेच रखडते. आठ मार्गिकांच्या कार्डांचे नुकसान थोडे, पण कार्डाची स्मृती भरली की तेही जाणवते. इंटेलची आर्क कार्डे किमतीच्या मानाने उजवी असली, तरी त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते. ती अशा जुन्या बोर्डांवर सहसा नसते. स्वस्त म्हणून जुन्या संगणकासाठी तेच कार्ड आणले, तर केलेली काटकसर अंगाशी येते.

आणि एसएमपीएस. नऊ वर्षे वापरलेला, नाव धड न वाचता येणारा एसएमपीएस जसाच्या तसा ठेवून महाग कार्ड जोडणे यासारखा अविचार नाही. बोर्डावरच्या खाचेतून कार्डाला 75 वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी 75 आणि आठ पिनांच्या जोडणीतून 150. 115 वॅटचे 4060 काय किंवा 132 वॅटचे 6600 काय, वीज 1060 इतकीच मागतात. म्हणून आकड्यांवर पाहता जुना एसएमपीएस पुरेल. पण आतले कपॅसिटर वयाने थकतात, आणि ते फुटले तर शेजारच्या भागांनाही सोबत नेऊ शकतात. विजेच्या बिलाचे कारण मात्र कोणी पुढे करू नये. खेळताना सगळा संगणक अडीचशे वॅट घेतो असे धरले, तर रोजच्या दोन तासांचे अर्धे युनिट होते, महिन्याचे पंधरा. कार्ड बदलून त्यात सांगण्यासारखी बचत होत नाही.

जुन्या बाजाराचाही विचार झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून वापरलेली कार्डे निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांतली काही अजून फिरत आहेत. खाणीतले कार्ड वाईटच असते असे नाही, पण त्याचे पंखे आणि पेस्ट बहुधा झिजलेले असतात. पैसे देण्यापूर्वी ते आपल्या डोळ्यांसमोर अर्धा तास जड खेळावर चालवून घ्यावे, सगळ्या जोडण्यांना पडदा लावून पाहावा, आणि जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमने कार्डाची जात पडताळावी. जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकण्याचे प्रकार इतके झाले की त्या प्रोग्रॅममध्ये बनावट कार्ड ओळखण्याची सोय करावी लागली. मूळ बिल मागावे. नव्या कार्डांना बहुधा तीन वर्षांची हमी असते. तिच्यातली काही मुदत उरली असेल तर भाव थोडा जास्त देणेही परवडते.

बिलावरून एक उपप्रश्न निघाला, आणि तो अनेक दुकानदार घरांत निघतो. कार्डावर अठरा टक्के जीएसटी लागतो. ते दुकानाच्या नावावर घेतले तर कर परत मिळणार नाही का? अण्णांच्या करसल्लागाराने फोनवरच नकार दिला. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17 च्या पाचव्या उपकलमानुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. मुलाच्या खेळाचे कार्ड दुकानाच्या खात्यात दाखवणे म्हणजे चुकीची वजावट घेणे; आणि ती पुढे व्याजासह भरावी लागते.

मोजणीचे सगळे कागद एका संध्याकाळी समोर आले, तेव्हा एक गोष्ट ताईच्या लक्षात आली. तिच्या भावाला ही सगळी माहिती आधीपासून होती. प्रोसेसर कमी पडतो हे त्याला कळत होते, विंडोजची मुदत ठाऊक होती, 720 ची परीक्षाही त्याने स्वतः कधीच करून पाहिली होती. "मग कार्डच का मागितलंस?" तिने विचारले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं सांगितलं असतं तर आकडा मोठा झाला असता ताई. दुकान कसं चाललंय ते दिसतंय की." ऑनलाइन खरेदीने गेली दोन वर्षे दुकानाचा गल्ला उतरला होता आणि घरात त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मुलाने उपयोगाची वस्तू न मागता मागण्याजोगी वस्तू मागितली होती.

अण्णा हे ऐकत होते. ते त्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर त्यांनी मुलाकडून पूर्ण यादी लिहून घेतली, भावांसह.

ठरले ते असे. कार्ड आत्ता घ्यायचे नाही. डीडीआर-4 ची, 3200 वेगाची, आठ-आठ जीबीची जोडी आत्ता घ्यायची; जुन्या बोर्डावर ती 2400 च्याच वेगाने धावेल, पण रविवारच्या सामन्यात खेळाडू गोठणार नाही. बारावी संपली की बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचे, आणि ते डीडीआर-4 वर चालणारेच निवडायचे, म्हणजे आत्ता घेतलेली रॅम वाया जात नाही. एएमडीचा रायझन 5 5600 त्यासाठी पुरेसा आहे. सहा भागांचा हा प्रोसेसर विंडोज 11 ला चालतो. डीडीआर-5 चे भाव 2025 च्या अखेरीपासून ज्या वेगाने चढले, ते पाहता हा मार्ग अधिकच शहाणपणाचा दिसतो. नवा एसएमपीएस त्याच वेळी. म्हातारे 1060 नव्या घरात सोबत जाईल, आणि जायलाच हवे, कारण 5600 मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्डाची पाळी त्यानंतर, पुढल्या वर्षी, तेव्हा जे बाजारात असेल ते पाहून. मूळ मागणीपेक्षा हा खर्च मोठा होता, आणि तो अण्णांनीच सुचवला होता.

सगळ्या घरांना हाच क्रम लागू पडेल असे नाही. याच मुलाच्या कोल्हापूरच्या चुलत भावाकडे 2019 नंतरचा संगणक आहे. त्यात रायझन 5 3600, 16 जीबी रॅम आणि तेच 1060. तिथे 720 ची परीक्षा केली तेव्हा चित्रांची संख्या झपाट्याने वाढली. प्रोसेसर सहा भागांचा, विंडोज 11 चे दार उघडे, बोर्ड अजून चार-पाच वर्षे पुरेल. त्या घराने पहिल्याच दिवशी कार्ड घ्यावे. निर्णय लांबवण्यात काही मिळवायचे नाही. आठ जीबीच्या कार्डावर भागवायचे की थोडे अधिक मोजून बारा-सोळा जीबीचे घ्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. 1080 चा पडदा आणि मध्यम सेटिंग असेल तर आठ जीबीत आज निभावते. पडदा 1440 चा घेण्याचा विचार असेल, तर ठिपके जवळपास पावणेदोनपट होतात आणि मग आठ जीबीचे कार्ड घेऊ नये.

कार्ड बदलेपर्यंतचा काळ काढण्यासाठी दोन सोयी आहेत आणि त्या फुकट आहेत. छाया आणि प्रतिबिंबे या दोन सेटिंग सर्वांत जास्त भार टाकतात. त्या 'मध्यम'वर आणल्या तर खेळता खेळता फरक डोळ्यांना क्वचित जाणवतो, कार्डाला मात्र लगेच जाणवतो. दुसरी सोय एफएसआरची. एएमडीने 2021 मध्ये आणलेले हे तंत्र चित्र लहान आकारात काढून मोठे करून दाखवते, आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालतात. एनव्हिडियाचे स्वतःचे डीएलएसएस मात्र आरटीएक्स कार्डांपुरतेच आहे. 1060 वाल्यांना प्रतिस्पर्धी कंपनीच्या तंत्राने तारावे, ही गंमत या धंद्यात होऊन गेली आहे.

जुना बोर्ड आणि आय-5 7400 यांचे काय करायचे, हे सांगलीच्या घरात अजून ठरायचे आहे. त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्याने कार्डावाचूनही पडदा चालतो. जुनी 8 जीबी रॅम आणि लिनक्स घालून अभ्यासापुरता एक संगणक त्यातून सहज उभा राहतो. ताईच्या मते तो दुकानातल्या कामगाराच्या मुलीला द्यावा, ती यंदा आठवीत आहे. अण्णांना तो दुकानात हवा आहे. तो ज्याच्याकडे जाईल त्याने आतली धूळ दर सहा महिन्यांनी काढायची, एवढी अट मुलाने घातली आहे.